दुखणे सांगता येईल असा दवाखाना



शहापूर तालुक्यातला तानसा तलाव आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. १८९२ साली तिथले धरण पुरे झाले आणि तानसेचे पाणी लोखंडी नळांतून मुंबईला जाऊ लागले. पाण्यामागोमाग माणसेही गेली. भाताची कापणी-झोडणी उरकली, दिवाळी झाली, की शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरून बिऱ्हाडे निघतात. कुणी मुकादमाची उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्टीवर जाते, कुणी शहरातल्या बांधकामावर, कुणी मालमोटारीवर क्लीनर म्हणून. पाऊस तोंडावर आला की ही मंडळी परततात. त्यांच्याबरोबर चार पैसे येतात, कपडालत्ता येतो, आणि एखाद्या घरी दुखणेही येते.

अशा एका दुखण्याचा, आणि त्यापेक्षाही त्याच्यावरच्या उपचाराचा, इतिहास आज आपल्यापुढे मांडायचा आहे. त्या दुखण्याचे नाव एचआयव्ही. त्याच्या वाढलेल्या अवस्थेला एड्स म्हणतात. हे नाव निघाले की पुष्कळजण मान दुसरीकडे वळवतात, विषय बदलतात. म्हणून सुरुवात त्या रोगापासून न करता, सव्वाशे वर्षांपूर्वीच्या दुसऱ्याच एका साथीपासून करू या. ती गोष्ट शाळेच्या इतिहासात आपण सर्वांनी वाचलेली आहे. पण आजच्या विषयाच्या दृष्टीने ती पुन्हा वाचण्यासारखी आहे.

१८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांना गाठीच्या तापाचे रोगी आढळले. हाच प्लेग. थोड्याच महिन्यांत तो पुण्यास पोचला. १८९७ च्या फेब्रुवारीत इंग्रज सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला आणि पुण्याच्या बंदोबस्तासाठी रँड नावाच्या अधिकाऱ्याची नेमणूक झाली. गोरे शिपाई घरोघर शिरले. रोगी सापडला की त्याला रुग्णालयात न्यावयाचे, घरच्यांना वेगळ्या छावणीत ठेवावयाचे, सामानसुमान जाळावयाचे, असा तो खाक्या होता. हेतू साथ थांबवण्याचा होता, हे मान्य केले पाहिजे. पण परिणाम काय झाला? लोकांनी रोगी लपवले, मृत्यूसुद्धा लपवले. रोगापेक्षा रोग हुडकणाऱ्याची धास्ती मोठी झाली. त्या संतापाचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंच्या पिस्तुलाने झाला, हे आपण जाणताच.

त्याच वर्षी, त्याच पुण्याच्या शिवेवर, दुसरी एक गोष्ट घडत होती. जोतीराव फुले यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. सावित्रीबाई तेव्हा सहासष्ट वर्षांच्या. गोरगरिबांच्या वस्तीत जाऊन त्या रोग्यांना दवाखान्यात आणीत. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणले असे सांगतात. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. मुलींची शाळा काढणारी ही शिक्षिका. आयुष्याच्या अखेरीस ती दवाखान्याची वाट चालत होती.

तेव्हा एकाच साथीत दोन मार्ग दिसले. एक मार्ग धाकाचा. त्यात रोग लपतो आणि लपून वाढतो. दुसरा मार्ग सोबतीचा. त्यात रोगी आपण होऊन दवाखान्याकडे वळतो. प्लेग सरला, पण हे दोन मार्ग मागे राहिले. पुढे जो रोग आला, त्या प्रत्येक रोगापुढे समाजाला यांतला एक निवडावा लागला. एचआयव्हीच्या बाबतीत आपण काय निवडले, ते आता पाहू.

१९८१ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांना हा नवा रोग प्रथम दिसला. आपल्या देशात तो ओळखला गेला १९८६ साली, चेन्नईत. तेव्हा त्या शहराचे नाव मद्रास होते. डॉ. सुनीती सॉलोमन या तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. माहेरच्या त्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातल्या. निर्मला नावाच्या त्यांच्या विद्यार्थिनीने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले. त्यांतल्या काहींत हा विषाणू सापडला. "आपल्या देशात हा रोग कसा असेल? तो परक्यांचा," असे म्हणणाऱ्यांचे त्या दिवशी उत्तर मिळाले.

उत्तर मिळाले, तशी भीती पसरली. आणि भीतीने पुन्हा रँडचाच मार्ग धरला. गोव्यात सार्वजनिक आरोग्याच्या कायद्यात दुरुस्ती करून एचआयव्हीबाधिताला सक्तीने वेगळे ठेवण्याची तरतूद झाली होती. १९८९ च्या फेब्रुवारीत डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी बोलावून नेले. त्याचा अपराध काय? त्याने रक्तदान केले होते, आणि त्या रक्ताच्या तपासणीत विषाणू आढळला होता. म्हापशाच्या एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात त्याला ६४ दिवस कोंडून ठेवले. त्याच्या आईने मुंबई उच्च न्यायालयाकडे दाद मागितली. तो सुटून आला तरी गेलेली उमेद आणि गेलेली माणसे सहजी परत थोडीच येतात! तरी या तरुणाने हाय खाल्ली नाही. बाधितांच्या आधारासाठी त्याने १९९२ साली गोव्यात संस्था उभी केली, आणि त्याच वर्षी तो वारला. विचार करा, ज्या गावात रक्त दिले म्हणून माणूस कोंडला जातो, त्या गावात तपासणीला कोण पुढे येईल?

आता हा रोग लागतो कसा, हे दोन शब्दांत सांगितले पाहिजे. कारण सगळी भीती अर्धवट ज्ञानातून आलेली आहे. याचे मार्ग मोजून चार: बाधित व्यक्तीशी निरोध न वापरता आलेला शरीरसंबंध, बाधित रक्त, दुसऱ्याला टोचलेली सुई, आणि बाधित आईकडून गर्भात, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून बाळाला. बस्स. एका पंगतीत जेवल्याने, एका पाणवठ्यावर पाणी भरल्याने, एका बाकावर बसल्याने, डास चावल्याने किंवा हात हातात घेतल्याने हा रोग लागत नाही. शरीरात शिरलेला विषाणू रोगाशी झुंजणाऱ्या पेशी हळूहळू मारतो. औषध न मिळाल्यास आठदहा वर्षे सुखाने गेल्यासारखी वाटतात. मग एखादे साधे दुखणेही हटत नाही, वजन उतरते, आणि आपल्याकडे बहुधा क्षय डोके वर काढतो.

यात बायकांची परवड वेगळी. कामाच्या गावी नवऱ्याला लागण झाली, ती त्याच्याकडून घरी आली. तो आधी गेला. आणि जिने त्याची शुश्रूषा केली तिलाच पांढऱ्या पायाची ठरवून घराबाहेर काढायचे, जमिनीतला वाटा नाकारायचा, असे आपल्या राज्यातल्या गावागावांत घडले आहे. रोग शरीराचा, पण शिक्षा बदनामीची. आणि ती बहुधा ज्याचा दोष कमी त्यालाच जास्त.

या काळोखात काही माणसांनी सावित्रीबाईंचा मार्ग धरला. पुण्याजवळ भोसरीला १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. त्याच वर्षी सांगलीत 'संग्राम' या संस्थेने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनाच कार्यकर्त्या करून रोगप्रतिबंधाचे काम हाती घेतले. १९९३ साली डॉ. सुनीती सॉलोमन यांनी चेन्नईत स्वतःचे उपचार केंद्र काढले. पुण्यात 'प्रयास' संस्थेच्या डॉक्टरांनी १९९४ पासून बाधितांसाठी दवाखाना चालवला. १९९७ मध्ये चेन्नईत तर बाधित व्यक्तींनीच एकत्र येऊन आपली देशव्यापी संघटना स्थापन केली.

आता तुम्ही म्हणाल, तेव्हा औषध तर हाती नव्हते, मग हे दवाखाने करीत काय होते? ते क्षयावर, जुलाबावर, तोंडातल्या बुरशीवर उपचार करीत. बाधिताला स्वच्छता, आहार, विश्रांती समजावून सांगत. नवराबायकोला समोरासमोर बसवून बोलते करीत. पण त्यांचे सर्वांत मोठे काम असे की, आलेल्या माणसाला ते खुर्ची देत, त्याच्या अंगाला हात लावून तपासत, आणि त्याचे नाव चारचौघांत घेत नसत. रोग्याला दुखणे मोकळेपणी सांगता येईल अशी एक जागा त्यांनी निर्माण केली. पुढे औषध आले, तेव्हा ते घ्यायला माणसे याच जागी आली.

न्यायालयानेही या काळात एक महत्त्वाचे पाऊल टाकले. मुंबईतल्या एका सार्वजनिक उद्योगात रोजंदारीवर काम करणाऱ्या मजुराला, केवळ एचआयव्ही आढळला म्हणून, कामावरून दूर केले गेले. तो कामाला धडधाकट होता. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने निवाडा दिला की, जो माणूस काम करू शकतो आणि ज्याच्यापासून बरोबरीच्यांना धोका नाही, त्याला या कारणाने काम नाकारता येणार नाही. या खटल्यात न्यायालयाने त्या मजुराला नाव झाकून दाद मागण्याची मुभा दिली. निकालाच्या कागदावर तो फक्त 'एमएक्स' या दोन अक्षरांनी ओळखला जातो. हातावर पोट असलेल्या एका माणसाचा हा खटला. पण गुप्तता राखली तर गरीब माणूससुद्धा न्यायासाठी उभा राहतो, हे त्याने दाखवून दिले.

औषधाची कथाही मोठी बोधप्रद आहे. १९९६ साली सिद्ध झाले की, तीन औषधे एकत्र आणि रोज घेतली तर विषाणू दबून राहतो. रोग समूळ जात नाही, पण माणूस जगतो, कामाला लागतो. मात्र त्या औषधांचा खर्च माणशी वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर होता. श्रीमंत देशांतले रोगी वाचू लागले, आणि गरीब देशांत माणसे मरत राहिली.

ही कोंडी फोडण्यात मुंबईचा वाटा आहे. आपल्या देशात १९७० साली पेटंटचा कायदा झाला. त्याने औषधाच्या कृतीला संरक्षण दिले, खुद्द औषधाला दिले नाही. त्यामुळे तेच औषध वेगळ्या कृतीने बनवण्याची आपल्या कारखान्यांना मोकळीक मिळाली. १९३५ साली मुंबईत स्थापन झालेल्या सिप्ला या कंपनीने ही तिन्ही औषधे एका गोळीत आणली. २००१ च्या फेब्रुवारीत कंपनीचे प्रमुख डॉ. युसूफ हमीद यांनी एका आंतरराष्ट्रीय डॉक्टर-संघटनेला ती माणशी वर्षाला ३५० डॉलरला, म्हणजे दिवसाला एक डॉलरहूनही कमी किमतीत, देऊ केली. जगाचा भाव कोसळला आणि आफ्रिकेतली लाखो माणसे पुढे या स्वस्त गोळ्यांवर जगली.

पण ३५० डॉलर म्हणजे तेव्हाचे सोळा हजार रुपये. वीटभट्टीवरच्या मजुराने ते कुठून आणायचे? मुंबईत तयार होणारे औषध तानसेच्या पाड्यापर्यंत पोचायला आणखी एक निर्णय लागणार होता. तो १ एप्रिल २००४ रोजी अमलात आला. त्या दिवसापासून केंद्र सरकारने ही औषधे फुकट देण्यास सुरुवात केली. आरंभी सबंध देशात केंद्रे होती आठ, आणि त्यांतले एक होते मुंबईच्या भायखळ्याचे जे. जे. रुग्णालय. इतिहासाचा योगायोग पाहा: याच आवारातल्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात १८९७ च्या जानेवारीत हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली होती.

औषध फुकट झाले, म्हणजे सगळे झाले का? इथेच गावाकडचा खरा प्रश्न सुरू होतो. आसनगाव स्टेशनाहून भायखळा सुमारे ८० किलोमीटर. त्याआधी पाड्यावरून आसनगाव, आटगाव किंवा खर्डी गाठायचे. मुरबाडकराने तर आधी एस.टी.ने कल्याण गाठायचे आणि मग गाडी. दिवस मोडला, म्हणजे मजुरी बुडाली. भाडे गेले. सोबत कुणी आले तर त्याचीही मजुरी बुडाली. आणि हे एकदा नव्हे, दर महिन्याला. शेजारी विचारतात, "दर महिन्याला मुंबईला काय काम असतं रे तुझं?" या एका प्रश्नाच्या धास्तीने औषध सोडलेले रोगी दवाखान्यातल्या मंडळींना भेटले आहेत. गोळी फुकट होती, पण गोळीपर्यंतची वाट महाग होती.

आणि ही गोळी मध्येच सोडण्यासारखी नाही. रोज, ठरल्या वेळी घेतली तरच ती विषाणूला दाबून ठेवते. चार दिवस घेतली, आठ दिवस सोडली, असे चालले तर विषाणू त्या औषधाला सरावतो आणि मग ते औषध त्या माणसाला लागू पडेनासे होते. म्हणजे वाटेतल्या अडचणी या नुसत्या गैरसोयी नाहीत. त्यांनी जीव जातो.

या अडचणी ओळखून पुढची पावले पडली. औषधाची केंद्रे जिल्ह्याजिल्ह्यांत निघाली. त्यांना जोडलेली छोटी केंद्रे, 'लिंक एआरटी केंद्रे', तालुक्यांच्या आणि ग्रामीण रुग्णालयांत उघडली. प्रकृती स्थिरावलेल्या रोग्याला एकदम दोनतीन महिन्यांची औषधे देता येऊ लागली. २००७ नंतरच्या राष्ट्रीय कार्यक्रमात सामुदायिक काळजी केंद्रे निघाली. स्वयंसेवी संस्थांनी चालवलेली ही काही खाटांची छोटी रुग्णालयेच होती. नवा रोगी तिथे काही दिवस राहायचा, औषध कसे घ्यायचे ते शिकायचा, अंगात जीव धरायचा आणि घरी जायचा. २०१३ मध्ये ही योजना बदलून 'विहान' या नावाने आधार केंद्रे सुरू झाली. त्यांत खाटांऐवजी माणसांवर भर दिला. स्वतः बाधित असलेली, औषधाने बरी राहिलेली माणसेच कार्यकर्ते म्हणून निघाली. औषध चुकवलेल्या रोग्याचा ती शोध घेत, त्याच्याशी बोलत, त्याला पुन्हा केंद्रात आणीत. "मीही हीच गोळी घेते ताई, बघा माझ्याकडे," या एका वाक्याने जे काम होते ते डॉक्टरांच्या दहा व्याख्यानांनी होत नाही.

आपल्या तानसा खोऱ्यापुरते बोलायचे तर, गणेशपुरी परिसरात 'प्रसाद चिकित्सा' ही संस्था खोऱ्यातल्या गावांसाठी आरोग्यकेंद्र आणि फिरता दवाखाना चालवीत आली आहे. फिरत्या दवाखान्याचे महत्त्व खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. ज्या मोटारीपाशी खोकल्याचे, खरजेचे, डोळ्यांचे, बाळंतिणीचे सगळेच रोगी येतात, तिथे एचआयव्हीचा रोगी वेगळा दिसत नाही. रांग एकच असते. आणि हेच या रोगाच्या बाबतीत मोठे संरक्षण आहे. ज्या दारावर रोगाच्या नावाची पाटी लावलेली, त्या दारात जायला पाय कचरतात. जिथे सगळे गाव जाते, तिथे जायला कुणाची भीती?

अशा आधाराच्या कामात कोणकोणत्या गोष्टी येतात? पहिली, सकस आहार. उपाशीपोटी औषध सोसत नाही. नाचणी, डाळ, शेंगदाणे, अंडी एवढे मिळाले तरी पुष्कळ. दुसरी, क्षयाची तपासणी. कारण या रोग्यांना क्षयानेच सर्वांत जास्त ग्रासले आहे. तिसरी, प्रवासाची सोय. चौथी, कागदपत्रे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत एचआयव्हीबाधितांचाही समावेश आहे. पण दाखले, उतारे, तहसील कचेरीच्या खेपा हे सारे एकट्या विधवेच्या आवाक्यातले नसते. तिच्याबरोबर कचेरीत जाऊन बसणारे माणूस हाही उपचाराचाच भाग आहे. पाचवी गोष्ट स्थलांतराची. भट्टीवर जाण्यापूर्वी केंद्रात सांगितले, तर जास्त दिवसांची औषधे मिळतात किंवा कामाच्या गावाजवळच्या केंद्रात नाव बदलून घेता येते. न सांगता गेले, की औषध तुटते.

गेल्या काही वर्षांत विज्ञानाने या कामाला मोठे बळ दिले. नऊ देशांतल्या १७६३ जोडप्यांचा एक अभ्यास झाला. त्यात पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था आणि चेन्नईचे डॉ. सॉलोमन यांचे केंद्र ही दोन्ही सामील होती. या जोडप्यांतले एक माणूस बाधित आणि दुसरे निरोगी होते. २०११ साली निष्कर्ष आला की, बाधिताला औषध लवकर सुरू केले तर त्याच्यापासून जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते. नंतरच्या अभ्यासांनी याहून पुढचे सांगितले: औषधाने विषाणू इतका दबला की तपासणीत मोजताच येत नाही, तर शरीरसंबंधातून लागण होतच नाही. गर्भवतीची वेळेवर तपासणी झाली आणि तिला औषध मिळाले, तर बहुतेक बाळे निरोगी जन्मतात. २०१७ पासून आपल्या देशात, लागण आढळली की लगेच औषध, असे धोरण झाले. म्हणजे आज एका माणसाचे औषध चालू ठेवणे याचाच अर्थ त्याच्या घराचे रक्षण करणे असा होतो. रँडच्या काळात म्हणत, गाव वाचवायचे तर रोग्याला दूर करा. आजचे शास्त्र सांगते, गाव वाचवायचे तर रोग्याला जवळ धरा.

आता गुरुजनांसाठी दोन शब्द. २००९ साली लातूर जिल्ह्यातल्या हासेगावात एचआयव्हीबाधित मुले गावच्या शाळेत दाखल झाली, तेव्हा काही पालकांनी आपली मुले शाळेतून काढली. सरकारला मध्ये पडावे लागले. त्या पालकांना वाईट म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण त्यांच्या मनातली भीती कुणी काढायची होती? त्यांना आधी कुणी सांगितले होते का, की एका बाकावर बसल्याने, एका डब्यातले खाल्ल्याने हा रोग लागत नाही? हे काम गावात शिक्षकाइतके चांगले दुसरे कोण करील? अडचण उभी राहिल्यावर समजावण्यापेक्षा ती येण्यापूर्वी समजावलेले बरे. पालकसभेत, आठवी-नववीच्या वर्गात, ग्रामसभेत हा विषय हिवताप आणि क्षय यांच्यासारखाच साधेपणाने बोलला गेला, तर पुढची भांडणे टळतात.

यासाठी आता कायद्याचा आधारही आहे. २०१७ साली संसदेने एचआयव्ही आणि एड्सविषयीचा कायदा केला. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्याप्रमाणे बाधित व्यक्तीला नोकरीत, शाळेत, दवाखान्यात, घर भाड्याने देताना वेगळे वागवणे बेकायदेशीर आहे. माणसाच्या संमतीवाचून त्याची तपासणी करता येत नाही. शाळेत प्रवेशासाठी किंवा नोकरीसाठी ही तपासणी अट म्हणून घालता येत नाही. विश्वासाने कळलेली ही गोष्ट संमतीवाचून दुसऱ्याला सांगता येत नाही. आईवडील गेलेल्या घरात मोठे भावंडच धाकट्याचा सांभाळ करते, हे ध्यानात घेऊन, बारा ते अठरा वर्षांच्या समजत्या भावंडाला शाळेच्या आणि उपचाराच्या कामी धाकट्याचे पालक मानण्याची सोयही या कायद्यात आहे. गुरुजी, बाई, एखादा चौदा वर्षांचा मुलगा बहिणीचे नाव घालायला शाळेत आला, तर त्याला परत पाठवू नका.

गुप्ततेविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण खेड्यात तीच सर्वांत अवघड. गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. दवाखान्यात औषध बांधून देणारी कुणाची तरी भाची असते, रांगेत मागे उभा असतो तो चुलत दीर. आपण चांगल्या मनाने, कळवळ्याने म्हणतो, "बिचारीला ते दुखणं आहे, जरा सांभाळून घ्या." पण तो कळवळाही बातमीच असतो, आणि बातमी सुटली की तिला आवर घालता येत नाही. म्हणून आशाताई, ग्रामसेवक, शिक्षक, पोलीस पाटील या सर्वांनी मनाशी एक ठरवावे: ज्याचे दुखणे, ते सांगण्याचा हक्क त्याचा. आपण फक्त वाट दाखवायची.

ती वाट आज कोणती? तपासणी सरकारी रुग्णालयात फुकट होते. तपासणीआधी आणि नंतर समुपदेशक एकांतात बोलतो. औषध फुकट आहे. गर्भवतीची तपासणी तर पहिल्या तिमाहीतच व्हावी. माहिती हवी असेल तर १०९७ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. त्याला पैसे पडत नाहीत आणि बोलण्यासाठी नाव सांगावे लागत नाही.

महाराष्ट्रात आज सुमारे चार लाख माणसे या विषाणूसह जगत आहेत. देशात कोणत्याही राज्यापेक्षा हा आकडा मोठा आहे. त्यांतले पुष्कळजण नियमाने गोळी घेतात, भाताची लावणी करतात, बाजाराला जातात, मुलांची लग्ने लावतात, आणि शेजारच्या घराला त्याचा पत्ताही नसतो. ते असेच चालले पाहिजे. जे अजून भीतीने तपासणीला आलेले नाहीत, किंवा औषध मध्येच सोडून बसलेले आहेत, ते मात्र आपल्याच एखाद्या पाड्यावर असतील. त्यांना कुणी ओढून आणू नये, आणि कुणी ओवाळूनही टाकू नये. त्यांनी विचारले तर गाडीची वेळ सांगावी, जमल्यास सोबत जावे, आणि घरी आल्यावर त्याविषयी कुणाजवळ बोलू नये. पुण्याच्या त्या शिक्षिकेने रोग्याला पाठीवर घेतले. आज गोळी आहे, गाडी आहे, कायदा आहे. पाठीवर घ्यायला नको, बरोबर चालले तरी पुरे.